घाट उतरणारे पाय
कुत्र्यासाठी रॅम्प कसा निवडावा

"आमचा कुत्रा परवापरवापर्यंत एका उडीत गाडीत बसायचा. आता दारापाशी येतो, पुढचे पाय वर टेकवतो आणि नुसता माझ्याकडे बघत राहतो. त्याला रॅम्प घ्यावा का? घ्यायचा तर कोणता?"

कुत्रं पाळणाऱ्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा उशिरा येतो. कारण कुत्रं दुखणं लपवतं. ते ओरडत नाही, जेवण सोडत नाही. सकाळी उठताना जरा वेळ लावतं, ओट्यावरून उतरण्याआधी दोनदा विचार करतं, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतं. आपण म्हणतो, "वय झालं त्याचं." वय झालेलं असतंच, पण त्या वयात रोज किती उड्या पडतात, हे आपल्या हातात असतं.

मोताळ्याहून बुलढाण्याला जायचं तर राजूर घाट चढावा लागतो. या प्रकरणातलं जवळजवळ सगळं त्या घाटाच्या रस्त्यावरून समजावून सांगता येतं, म्हणून मी पुन्हा पुन्हा तिथे येणार आहे. आधी मात्र सांध्याच्या आत डोकावू.

१. वंगण आणि गादी

बंडीच्या चाकात वंगण नसेल तर ते कुरकुरतं आणि आस झिजतो, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. कुत्र्याच्या सांध्यातही तसंच वंगण असतं: एक चिकट, पारदर्शक द्रव. शिवाय हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते त्या द्रवातूनच, आणि तेही हालचालीमुळे. स्पंज दाबला की पाणी बाहेर पडतं, सोडला की आत शिरतं. चालताना कूर्चेचं तसंच होत राहतं.

यातून दोन गोष्टी निघतात. रक्तपुरवठा नसल्यामुळे झिजलेली कूर्चा नीट भरून येत नाही. आणि हालचाल पूर्ण बंद केली तर तिचं पोषणही आटतं. म्हणून दुखऱ्या कुत्र्याला बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. त्याला चालू द्यायचं आहे, फक्त आदळू द्यायचं नाही. रॅम्प नेमकं हेच करतो: उडीचं चालण्यात रूपांतर करतो.

२. पोतं आणि हमाल

आदळणं म्हणजे किती? बाजार समितीत ट्रॉलीवरून पोतं घेणारा हमाल पाहा. पोतं पाठीवर येताच तो गुडघ्यांत किंचित वाकतो. ताठ उभा राहिला तर कंबर जाईल. वाकल्यामुळे पोत्याला थांबायला थोडं अंतर मिळतं आणि धक्का त्या अंतरात वाटला जातो. कुत्रंही उतरताना पाय दुमडतं ते याचसाठी.

ढोबळ हिशेब करू. ३० किलोचा लॅब्रॅडॉर जीपच्या मागच्या फळीवरून, म्हणजे समजा ७० सेंटिमीटरवरून, खाली आला. जमिनीला पाय लागताना त्याचा वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण सायकलइतका असतो. पाय दुमडून तो आणखी २० सेंटिमीटरमध्ये थांबला, असं धरू. एकूण खाली येणं ९० सेंटिमीटर, थांबायला मिळालेलं अंतर २०. नव्वद भागिले वीस, साडेचार. वजनाच्या साडेचार पट, म्हणजे १३५ किलो. कुत्रं उडी मारण्याआधी पुढून खाली झुकतं, त्यामुळे प्रत्यक्षात उडीची उंची थोडी कमी भरते. उलट म्हाताऱ्या, आखडलेल्या कुत्र्याचे पाय २० सेंटिमीटर दुमडतच नाहीत. थांबायला १० सेंटिमीटरच मिळाले, तर हाच भार आठ पट होतो. ज्या सांध्याला धक्का सर्वांत कमी सोसवतो, त्यालाच तो सर्वांत मोठा बसतो.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१८ साली गाडीच्या डिकीच्या उंचीचे ओटे करून त्यांवरून निरोगी कुत्र्यांना उतरवलं आणि पुढच्या पायांवरचा जोर मोजला. ५५, ६५ आणि ७५ सेंटिमीटर अशा उंची होत्या. उंची वाढली तसा जोरही वाढत गेला. आपल्याकडच्या जीपगाड्यांची मागची फळी याच उंचीच्या आसपास असते.

३. उतरणीचा भार

रॅम्प घेताना बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं: कुत्रं वर चढतंय. वर चढता येत नाही म्हणून तर रॅम्प आणायचा. उतरायला काय, उडी मारेल! माझ्या मते सगळी चूक इथेच होते. रॅम्प उतरण्यासाठी निवडायचा. ज्यावरून कुत्रं सावकाश, न घसरता उतरतं, त्यावरून ते चढतंच.

राजूर घाट उतरणारा ट्रक आठवा. चढताना इंजिन कुंथतं, पण वाहनाला खरा धोका उतरताना असतो. चालक गिअर खाली घेतो, ब्रेक तापतात, सगळा माल पुढच्या चाकांवर येतो. बंडी उताराला लागली की ओझं बैलांच्या मानेवर येतं, तेही तसंच. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार उभ्या उभ्याच पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी वाढतो. त्यातच कुत्र्याच्या पुढच्या पायांची रचना वेगळी आहे. माणसाचा हात गळपट्टीच्या हाडाने छातीच्या पिंजऱ्याशी जोडलेला असतो. कुत्र्यात ते हाड जवळजवळ नाहीच. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात, जणू छाती दोन पायांमध्ये झोळीत टांगलेली आहे. ही झोळी धक्का शोषते म्हणून कुत्रं सुरेख धावतं. पण थकली, ढिली झाली, की भार खांद्यावर आणि कोपरावर जातो.

चढताना उलट होतं: भार मागे सरकतो, खुबा आणि मागचे गुडघे काम करतात. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

४. कोणाला लवकर, कोणाला उशिरा

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर या मोठ्या जातींत खुब्याची खोबण वाढीच्या वयात उथळ राहण्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. उखळ उथळ असलं की मुसळ हलतं, तसं मांडीचं हाड खोबणीत हलत राहतं आणि कडा झिजवतं. या कुत्र्यांना म्हातारपणाची वाट न पाहता रॅम्पची सवय लावावी. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं साधारण दीड वर्षापर्यंत वाढत असतात; त्या काळात गाडीतून उड्या मारायला लावणं टाळावं.

डॅशहंडची गोष्ट निराळी. लांब पाठ, आखूड पाय, आणि मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होण्याची आनुवंशिक खोड. त्याला सोफ्यावरची एक उडीही मणक्यापर्यंत महागात पडू शकते, आणि मागचे पाय लुळे पडू शकतात. पॉमेरेनियन आणि पग यांच्यात गुडघ्याची वाटी सरकते. यांना पायऱ्यांचा लाकडी ठोकळा देण्यापेक्षा सलग उतार चांगला, कारण प्रत्येक पायरी ही त्यांच्यासाठी छोटी उडीच असते.

गावठी कुत्र्याला या आनुवंशिक व्याधी कमी. पण शेताची राखण करून दहा-बारा वर्षांचं झालेलं, कधी मोटारसायकलची धडक खाल्लेलं गावठी कुत्रंही ओट्यापाशी थबकतं. त्यालाही हाच उतार लागतो.

५. तिपटीचा हिशेब

कोन, अंश वगैरे बाजूला ठेवू. मिस्त्रीचा टेप घ्या आणि जिथे कुत्र्याला पोहोचायचं आहे तिथली उंची मोजा. तिची तिप्पट म्हणजे रॅम्पची लांबी. म्हाताऱ्या, लंगडणाऱ्या किंवा आखूड पायांच्या कुत्र्यासाठी चौपट. (तिपटीत उतार साडेएकोणीस अंशांचा होतो, चौपटीत साडेचौदाचा. दुप्पट ठेवलात तर तो ३० अंशांवर जातो आणि दुखरं कुत्रं अर्ध्यातून उडी टाकतं.)

ओटा १८ इंच उंच. तिप्पट ५४ इंच, साडेचार फूट. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी ७२ इंच, सहा फूट. अंगणात सहा फूट जागा निघते. ओट्याच्या बाजूने कायमचा सिमेंटचा उतार केला तर घरातल्या आजीलाही तो सोयीचा वाटेल, पण तिच्या चाकाच्या खुर्चीसाठी तो पुरणार नाही. त्या खुर्चीचा नियम एक फुटाला बारा फूट असा आहे. शाळा आणि सरकारी कार्यालयांच्या दारात लांबलचक उतार असतात ते त्यामुळे. चार पाय आणि नखं असलेल्या जनावराला इतकी सवलत लागत नाही.

आता जीप. मागची फळी २८ इंच. तिप्पट ८४ इंच, सात फूट. बाजारातले घडीचे रॅम्प बहुधा पाच-सहा फुटांचे असतात. पाच फुटी रॅम्प २८ इंचांना लावला तर उतार सुमारे २८ अंशांचा होतो, म्हणजे फार खडा. विक्रेता सांगतो, "सगळ्या गाड्यांना चालतो." गाडीला चालतो, कुत्र्याला चालतो का, हे टेपच सांगेल.

सात फुटांची फळी गाडीत मावत नसेल तर उंचीच कमी करा. शेतात जाताना जीप मागे घेत बांधाला लावा. बांध दहा इंच उंच असला तर फळीपर्यंत उरतात १८ इंच, आणि मग पाच फुटी रॅम्प आरामात पुरतो. घरी ओट्याला पाठ करून गाडी लावली तर रॅम्पऐवजी एखादी साधी फळीच पुरेल. पैसे खर्च करण्याआधी ही युक्ती करून पाहा.

पलंगाचं त्रांगडं घरात जागा नसल्यामुळे होतं. गादीसकट २० इंच उंच पलंगाला पाच फूट सरळ उतार हवा, आणि दहा बाय दहाच्या खोलीत तो दारापर्यंत येतो. इथे घाटाची दुसरी युक्ती. घाटाचा रस्ता सरळ वर का जात नाही? सरळ गेला तर इतका खडा होईल की बैल काय, ट्रकही चढणार नाही. म्हणून तो वळणं घेतो: लांबी वाढवतो, उतार कमी करतो. तसं पलंगाच्या कोपऱ्याशी दहा इंचांचा मजबूत चौरंग ठेवा. जमिनीपासून चौरंगापर्यंत अडीच फुटांची फळी, तिथे वळण, आणि चौरंगापासून पलंगापर्यंत पलंगाच्या कडेला लागून दुसरी अडीच फुटांची. चौरंग इतका मोठा हवा की कुत्र्याचे चारही पाय त्यावर टेकून ते वळू शकेल. लहान कुत्र्यासाठी ही रचना उत्तम. लॅब्रॅडॉरसाठी मात्र गादी खाली जमिनीवर घ्यावी, हा माझा सरळ सल्ला.

६. पाय कुठे धरतो

लांबी बरोबर आणि पृष्ठभाग चुकीचा, तर सगळं व्यर्थ. उतारावर एकदा घसरलेलं कुत्रं त्या रॅम्पकडे फिरकत नाही. आणि घसरताना पाय बाहेर फाकतात तेव्हा खुब्याला बसणारा हिसका उडीपेक्षा वाईट असू शकतो.

सनमायका लावलेला गुळगुळीत रॅम्प दिसायला छान, पण तो नको. खरखरीत सँडपेपरसारखी पट्टी रोजच्या वापरात पंजाच्या गाद्या सोलते. धाग्यांची वेटोळी असलेल्या गालिच्यात नखं अडकतात. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या दोन गोष्टी मला सर्वांत पसंत आहेत. एक, गोठ्यात गाईंखाली टाकतात ती रबरी मॅट: पाण्याने धुता येते, पावसाळ्यात कुजत नाही. दुसरी, घट्ट ताणून कडांना चुका ठोकलेलं गोणपाट किंवा काथ्याची चटई. स्वस्त आहे, ओलं झालं की वाळवावं लागतं, दोन वर्षांनी बदलावं लागतं. चुकांची डोकी फळीच्या खालच्या बाजूला आली पाहिजेत, पंजाखाली नव्हेत.

मॅटवर आडव्या पट्ट्या माराव्यात का? मारा, पण अर्ध्या इंचापेक्षा जाड नकोत. जाड पट्टीला ठेच लागते, आणि म्हातारं कुत्रं मागचे पाय ओढत चालत असेल तर नक्कीच लागते.

मे महिन्यात राजूर घाटाखालचा मोताळ्याकडचा पट्टा तापतो तेव्हा उघड्यावरचा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा रॅम्प तव्यासारखा होतो. तळहाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद ठेवून पाहा. नाही ठेवता आली, तर कुत्र्याच्या पंजालाही ते नको.

आणखी एक बारीक गोष्ट. कुत्र्याला तांबडा-हिरवा फरक फारसा कळत नाही, पण पिवळा आणि निळा कळतो. दृष्टी मंदावलेल्या कुत्र्यासाठी रॅम्पच्या दोन्ही टोकांना पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा. जमीन कुठे सुरू होते हे त्याला दिसलं की शेवटच्या फुटावरून ते उडी टाकत नाही.

७. सुताराला काय सांगाल

आठ बाय चार फुटांच्या प्लायचा एक ताव उभा कापला तर १६ इंच रुंदीच्या तीन फळ्या निघतात. मध्यम कुत्र्याला १६ इंच पुरतात. अंगाने भरलेल्या लॅब्रॅडॉरला अठरा ते वीस द्या. प्लाय १९ मिलिमीटरचा आणि पाण्याला टिकणारा सांगा. नुसती फळी मध्ये लवते, म्हणून खाली लांबीच्या दिशेने दोन सागवानी रिपा मारून घ्या. कडांना दोन-तीन इंचांचा कठडा असू द्या. वरच्या टोकाला खाली वळणारी पट्टी हवी, म्हणजे रॅम्प ओट्यावर किंवा फळीवर अडकून बसेल. खालच्या टोकाला रबर, म्हणजे फरशीवर सरकणार नाही.

तयार झाल्यावर तुम्ही स्वतः मधोमध उभे राहा. लवला, हलला, करकरला, तर परत द्या. कुत्र्याला वजनापेक्षा हलण्याची भीती जास्त. बाजारातला रॅम्प घेतानाही हीच परीक्षा. डब्यावर लिहिलेल्या किलोंवर विसंबू नका.

कुत्र्याचं वजन माहीत नाही? त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा. ९० वजा ६२, म्हणजे २८.

८. फळीआधी ताट

वजनाचा विषय निघालाच आहे, तर मला हे ठामपणे सांगायचं आहे: जाड कुत्र्याला रॅम्प देणं म्हणजे गळक्या हौदाला रंग देणं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एकाला त्याच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं गेलं. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. भरपूर खाणाऱ्या गटातली निम्मी कुत्री ११.२ वर्षांपर्यंत गेली. कमी खाणाऱ्या गटाला तिथे पोहोचायला १३ वर्षं लागली. सांधेदुखीसाठी कायमचे उपचार लागण्याचं वयही कमी खाणाऱ्यांत सुमारे तीन वर्षांनी पुढे गेलं. कोणत्याही फळीने इतकं दिलेलं नाही. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात, हे माप घरच्या घरी पुरेसं आहे.

नखं वाढू देऊ नका, पंजामधले केस कापा, आणि चकचकीत टाइल्सवर कुत्र्याच्या नेहमीच्या वाटेवर सतरंजी टाका. तिच्याखाली रबराची जाळी हवी.

आणि घरातली दुखण्याची गोळी त्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात; पॅरासिटामॉल यकृत आणि रक्त बिघडवतं. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं आहेत, ती पशुवैद्यकच वजन पाहून देतात. क्ष-किरण किंवा शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट गेलीच तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. मलकापूरहून रेल्वे आणि महामार्ग दोन्ही तिकडे जातात. गाडीने नेणार असाल, तर रॅम्प बरोबर घ्या.

९. शिकवणं

पहिले दोन दिवस रॅम्प जमिनीवर आडवा टाका. त्यावर भाकरीचे तुकडे ठेवा. कुत्रं येईल, हुंगेल, खाईल, जाईल. साखळी धरून ओढू नका. ओढलेलं कुत्रं मागे झुकतं आणि तिथेच घसरतं. छातीवर बसणारा पट्टा असेल तर फक्त आधाराला हात ठेवा.

मग एक टोक विटेवर. दोन दिवसांनी दोन विटांवर. उंची इंचाइंचाने वाढवा. आणि उतरणं आधी शिकवा: कुत्र्याला रॅम्पच्या खालच्या टोकाशी, जमिनीपासून दोन पावलांवर उभं करा आणि तिथून उतरू द्या. मग तीन पावलांवरून, मग मध्यापासून. प्रत्येक वेळी त्याला पुढचं पाऊल ओळखीचं वाटतं. दोन-तीन आठवडे लागतात, घाई करू नका.

एकदा सवय झाली की रॅम्प रोज काहीतरी सांगू लागतो. महिनोन्‌महिने बिनबोभाट वापरणारं कुत्रं एखाद्या सकाळी मध्येच थांबलं, तर त्याला ओढू नका. ते चढताना थांबलं की उतरताना, हे बघा. चढताना भार मागे असतो. तिथे अडलं तर खुबा, मागचा गुडघा किंवा कंबर तपासायला हवी. उतरताना अडलं तर खांदा किंवा कोपर. हे निदान नव्हे, पण दवाखान्यात "जरा लंगडतो" एवढंच सांगण्यापेक्षा डॉक्टरांना याचा जास्त उपयोग होतो. तारीख लिहून ठेवा, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करा, आणि त्या दिवशी पोटाखालून टॉवेलची झोळी घालून त्याला हळूहळू खाली आणा.